कायदा माणसाच्या तोंडून यायचा

१ एप्रिल १९५७. या एका दिवशी जुन्या मुंबई राज्यातल्या खेड्यांत दोन मोठे बदल येऊन ठेपले. एक कनवटीच्या पैशात झाला. १६ आण्यांचा, ६४ पैशांचा रुपया त्या दिवसापासून १०० नव्या पैशांचा झाला. दुसरा बदल शिवारात झाला. कूळकायद्यातल्या दुरुस्तीनं हाच दिवस ‘कृषक दिन’ ठरवला होता. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ काही अटींवर त्या जमिनीचं खरेदीदार मानलं जाणार होतं. पिढ्यान्‌पिढ्या खंड घालणाऱ्या माणसाला सरकार सांगत होतं, की ही जमीन आता तुझी होऊ शकते.

तेव्हा बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. रेडिओ असलाच तर एखाद्या वाड्यात. कागद वाचता येणारी माणसं थोडी. तरीही या दोन्ही गोष्टी घरोघर कशा पोचल्या, हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी लहानपणी पुष्कळ ऐकलं. पुढं सत्तरच्या दशकात, शाळकरी वयात, त्याच वाटेनं गावात येणारे नियम मी स्वतः पाहिले. आज नियम मुंबईत निघतो आणि त्याच मिनिटाला माझ्या हातातल्या फोनवर दिसतो. तरीही तो गावात पोचला, असं मला म्हणवत नाही. असं का वाटतं, ते इथं मांडायचं आहे.

नियमाचा प्रवास तेव्हा लांबचा होता. राजपत्रात छापलेला मजकूर कलेक्टर कचेरीत यायचा. तिथून प्रांत, मामलेदार, सर्कल अशा पायऱ्या उतरत तो तलाठ्याच्या दप्तरात पडायचा. वेळ जायचा, पण प्रत्येक पायरीवर एक माणूस तो कागद वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि खालच्या माणसाला सांगायचा. शेवटच्या पायरीवर कोतवाल उभा असायचा. त्याच्या हातात हलगी, आणि पाठ केलेली दोन वाक्यं.

दवंडी दिवेलागणीला पडायची, म्हणजे रानातली माणसं घरी आलेली असायची. मारुतीच्या देवळापुढं, वेशीत, पारावर, प्रत्येक आळीच्या तोंडाशी हलगी थांबायची. “ऐका हो ऐका! उद्या सकाळच्या पारी चावडीवर सर्कलसाहेब येणार हाईत. समद्या खातेदारांनी हजर ऱ्हावं होऽ!” हलगीमागं आम्हा पोरांचा घोळका असायचा. दवंडी संपली, की घराघरातून माणसं बाहेर येऊन कोतवालनानांना विचारायची.

“नाना, कशापायी येत्यात साहेब?”

“वसुलीचं न्हाई काकी, घाबरू नगा. वारसाच्या नोंदी लावायच्यात.”

“मग आमच्या धाकट्याला बी आणू का संगं?”

“आणा की. अन् जुनी पावती आसंल ती बी आणा.”

सरकारी आदेशात धाकट्याचा उल्लेख नव्हता, पावतीचाही नव्हता. तो उल्लेख नानांनी केला, कारण त्यांना त्या घरातला वाद ठाऊक होता. कायद्याची भाषा आणि घराची अडचण यांच्यामधलं अंतर त्या दारातल्या बोलण्यात कापलं जायचं.

दुसऱ्या दिवशी चावडीत सतरंजी पडायची. तलाठीभाऊसाहेब कागद मोठ्यानं वाचायचे, मग बाजूला ठेवून आपल्या शब्दांत सांगायचे. कुणी मधेच अडवायचं, कुणी तेच पुन्हा विचारायचं. ज्याला धीर नसे, तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारायला लावायचा. गोंधळ व्हायचाच. पण तो चार माणसांत व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथंच निस्तरायचा.

जमिनीच्या नोंदीचीही तीच तऱ्हा. फेरफार घातला, की त्याची नोटीस चावडीवर लागायची आणि हितसंबंध असलेल्यांना वेगळी दिली जायची. हरकत घ्यायला १५ दिवस. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं हे कलमात बांधलं. चावडीवरून जाणारा शिकलेला पोरगा नोटीस वाचायचा आणि घरी जाऊन सांगायचा, “आबा, चुलत्यांनी नोंद घातलीया.” पंधरा दिवसांत आबा सर्कलपुढं उभे राहायचे.

कूळकायद्याच्या वेळी तर ऐकण्या-न ऐकण्यावर आयुष्य ठरलं. शेतजमीन न्यायाधिकरणानं गावोगाव जाहीर नोटीस लावायची आणि कुळाला नि मालकाला स्वतंत्र बोलावणं धाडायचं, असं कलम ‘३२ ग’ सांगत होतं. कूळ समोर आलं, की त्याला विचारायचं : ही जमीन विकत घ्यायची तुझी इच्छा आहे का? त्याचं उत्तर लिहून घ्यायचं. जो आला नाही, किंवा आला आणि मालकाच्या धाकानं ‘नको’ म्हणाला, त्याची खरेदी निष्प्रभ ठरायची. आमचे आजोबा कूळ होते. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण त्या तारखेला काय विचारणार आणि काय सांगायचं, हे गावातल्या एका शिक्षकानं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं. सुनावणीत त्यांनी ‘व्हय, घ्यायची हाय’ एवढंच म्हटलं. आमचं सारं घर त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

पैशांचा बदलही असाच सांभाळून आणला गेला. कायदा संसदेनं १९५५ मध्ये केला आणि अंमल १९५७ मध्ये सुरू झाला. नवी नाणी आली तरी जुनी लगेच बाद झाली नाहीत, काही वर्षं दोन्ही बरोबरीनं चालली. चार आण्याचे २५ नये पैसे सरळ बसत, पण एक आण्याचे ६, दोन आण्याचे १२ आणि तीन आण्याचे १९ असा हिशेब होता. हे रूपांतर लोकांनी तोंडपाठ केलं. शाळेत पोरांकडून घोकून घेतलं गेलं आणि पोरांनी ते घरी आज्यांना शिकवलं. नव्या पैशाचा ‘नया’ १९६४ मध्ये अधिकृतपणे गळला, तोवर जुन्या आण्यांची सवय हळूहळू सुटत गेली होती. शेर, पायली, मण जाऊन किलो आणि लिटर आले तेही एका रात्रीत नव्हे. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, आधी काही व्यवहारांत, काही भागांत, मग सगळीकडे. माणसाच्या हाताची सवय मोडायला वेळ लागतो, हे त्या नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

याच काळातला एक प्रयोग महाराष्ट्रानं विसरू नये. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं १५० गावांत ऐकणाऱ्यांची मंडळं उभी केली. शेती, आरोग्य, पंचायत अशा विषयांवर खास २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, संपल्यावर त्यावर बोलायचे, प्रश्न आणि अभिप्राय लिहून केंद्राला पाठवायचे, आणि त्यांची दखल पुढच्या प्रसारणात घेतली जायची. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती मंडळं नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढल्याचं त्यात दिसलं. नुसता रेडिओ असून तेवढा फरक पडत नव्हता. ऐकून झाल्यावर जी चर्चा होई, तिनं फरक पडत होता.

हे सगळं आठवताना मन भरून येतं, म्हणूनच त्या काळाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. दवंडी देणारा माणूस बहुधा वतनी महार असायचा. गावकी आणि सरकार दोघांची कामं त्यानं रात्री-अपरात्री करायची आणि त्या बदल्यात तुटपुंज्या वतनावर नि बलुत्यावर भागवायचं. या वतनानं माणसाला गुलामीत जखडलंय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखलं होतं आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. ज्याच्या आवाजानं गाव चावडीवर गोळा व्हायचं, त्याला त्याच चावडीच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. माझ्या आठवणीतले नाना सतरंजीवर कधीच बसलेले मला आठवत नाहीत.

बायका चावडीवर यायच्या नाहीत. त्यांना कायदा नवऱ्याच्या तोंडून कळायचा, तोही नवऱ्याला सांगावासा वाटला तर. दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती गाव होतं. आणि कायदा सगळ्यांना एकाच वेळी कळतही नव्हता. तालुक्याला वकील ठेवून असलेल्या मालकांना कृषक दिनाची चाहूल आधीच लागली होती. ‘स्वखुशीनं जमीन सोडली’ असे कागद कितीतरी कुळांकडून अंगठा घेऊन करवले गेले. सुनावणीची नोटीस मिळाली नाही, मिळाली तर कळली नाही, म्हणून कितीजणांच्या जमिनी हुकल्या. पुढं कायद्यात दुरुस्ती करून हजर न राहिलेल्या कुळांना आणखी एक संधी द्यावी लागली. आजोबांना शिकवणारा शिक्षक होता. प्रत्येक गावात तो नव्हता.

म्हणून आजच्या काळाकडं मी तक्रारीच्या सुरात बघत नाही. आज मिळालेलं फार मोठं आहे. शासन निर्णय निघाला, की तो शासनाच्या संकेतस्थळावर येतो, त्यावर सांकेतांक असतो, अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. मंत्रालयातल्या सचिवाला जो कागद दिसतो तोच गडचिरोलीच्या मुलीला दिसतो. पूर्वी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सजाला हेलपाटे घालावे लागत, सही नसली तर पुन्हा यावं लागे. आता डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. खटल्याची पुढली तारीख कळायला वकिलाच्या कारकुनापुढं उभं राहायला नको, ती ई-कोर्टवर दिसते. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. त्याआधी महाराष्ट्रानं स्वतःचा तसा कायदा केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा त्यामागं होता. सेवा किती दिवसांत द्यायची याची मुदत २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं बांधून दिली. दप्तर कुणा एकाच्या कुलपात राहिलं नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला हे स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

हरवलं ते दारातलं बोलणं. ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची असं ठरलं. कल्पना मला मनापासून आवडली. तलाठ्यानं बांधावर न येता पेरे भरायचे आणि उसाच्या रानात ज्वारी लागायची, ही जुनी दुखणी यानं संपू शकतात. पण गेल्या काही हंगामांत मी गावी असताना बघतो, सत्तरी ओलांडलेला माणूस बांधावर फोन उंच धरून उभा असतो. रेंज येत नाही. आली तर गट क्रमांक जुळत नाही. जुळला तर मिश्र पीक कसं भरायचं ते कळत नाही. मुदत जवळ येत असते आणि पीक विम्यापासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत पुष्कळ काही त्या नोंदीला बांधलेलं असतं. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी त्या बांधावर नसतं. नातू पुण्याहून आला, तर नोंद होते.

बदलाला दिलेल्या वेळेचंही तसंच. आण्यांचे पैसे करायला सरकारनं वर्षं घेतली. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता ५०० आणि १००० च्या नोटा बंद करण्याची घोषणा झाली आणि मध्यरात्री त्या चलनातून गेल्या. अशा निर्णयात गुप्तता लागते असं सांगितलं गेलं, आणि तो युक्तिवाद मला समजतो. पण ज्या आजीनं धान्याच्या कणगीत नोटा ठेवल्या होत्या, तिला पुढचे पन्नास दिवस रोज वेगळा नियम ऐकू येत होता. किती काढता येतील, किती बदलता येतील, कुठली पावती लागेल. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. उद्देश चांगलाच होता. पण कुठली पिशवी चालते आणि कुठली नाही, हे भाजीवालीला कळेपर्यंत दंडाची पावती तिच्या हातात पडण्याची भीती होती. नियम आता लवकर निघतो आणि लवकर बदलतो. सुधारणेची सुधारणा, तिचं शुद्धिपत्रक, त्यावरचं परिपत्रक. प्रत्येक कागद संकेतस्थळावर असतो, तरी कुठला चालू आणि कुठला मागं पडला, हे सांगणारं कुणी समोर नसतं. ती मोकळी जागा व्हॉट्सअॅपवरचे खोटे संदेश भरून काढतात. ‘उद्यापासून अमुक बंद’ असं कुणीतरी लिहितं आणि सेवा केंद्रापुढं पहाटे रांग लागते.

न्यायालयाच्या कामकाजात हा बदल आणखी जाणवतो. पूर्वी बेलिफ समन्स घेऊन दारात यायचा. माणूस सापडला नाही तर दारावर प्रत डकवून जायचा. अपमान वाटायचा, पण गावाला कळायचं, आणि कुणीतरी कुठल्या वकिलाकडं जायचं ते सांगायचं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या जागेवर ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीनं पुकारावा, असं आजही लिहिलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला, त्यात समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानं बजावायची सोय आहे. काम वेगानं होईल, टाळाटाळ कमी होईल. पण फोन ज्याच्या हातात तोच तो माणूस, आणि आलेला मजकूर त्याला उमगला, हे दोन्ही धरून चालावं लागेल. आपल्याकडं एका घरात एकच फोन, तोही मुलाच्या खिशात, अशी कुटुंबं अजून पुष्कळ आहेत.

जिथं माणूस मधे राहिला, तिथं चित्र वेगळं दिसतं. २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला आणि मुदत १५ जुलै होती. अटी बदलल्या, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. इतक्या घाईतही खेड्यापाड्यातल्या बायकांचे अर्ज भरले गेले, त्यात अंगणवाडी सेविकांचा वाटा मोठा. त्यांनी ओसरीवर बसून रेशनकार्ड तपासलं, बँकेचं खातं आधारला जोडलंय का ते विचारलं, कुणाचं नाव कुठं चुकलंय ते दाखवलं. कोतवालनानांचं काम आज या बाया करतात, आशाताई करतात. त्या चावडीच्या आत बसतात, ही मला झालेली सर्वांत मोठी प्रगती वाटते. पण हे त्यांच्या मूळ कामावर चढवलेलं ओझं असतं. समजावून सांगणं हे कुणाचंच नेमून दिलेलं, पगार असलेलं काम आज राहिलेलं नाही.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा गाजली. त्या घोषणेमागं वर्षानुवर्षं चाललेला अभ्यासगट होता. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा वाचत, त्यावर बोलत. निर्णय सर्वसहमतीनं होई, बायका त्यात बरोबरीनं असत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तोच कायदा हजारो गावांना लागू होता. मेंढ्यानं तो आधी समजून घेतला, म्हणून त्यांना तो आधी वापरता आला.

माहिती अधिकाराच्या कायद्यात, लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी माहिती प्रसिद्ध करावी, असं कलम ४ मध्ये लिहिलं आहे. प्रसार म्हणजे सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर पुकारा, इंटरनेट, असं स्पष्टीकरणही तिथंच आहे. म्हणजे दवंडी कायद्यात अजून जिवंत आहे. २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा असतो. राज्यातही मसुदा नियमांवर हरकती-सूचना मागवल्या जातात. ही सगळी चौकट चांगली आहे. तिच्यात उणीव आहे ती ऐकून घेणाऱ्या कानांची आणि विचारायला धीर देणाऱ्या जागेची.

त्यासाठी जुना काळ परत आणायला नको. हलगी, सतरंजी, पायरीखालचा माणूस, यांतलं काही मला परत नको आहे. वर्षातून चार ग्रामसभा होतात, तिथं सरपंच आहे, ग्रामपंचायतीचा अधिकारी आहे, गावाचा महसूल अधिकारी आहे, पदवीधर पोरं-पोरी आहेत. गावाला लागू होणारा प्रत्येक नवा नियम अंमलात येण्याआधी तिथं सोप्या मराठीत वाचून दाखवावा, प्रश्न घ्यावेत, ते नोंदवून वर पाठवावेत, उत्तर आल्यावर पुढच्या सभेत सांगावं. हे काम एका माणसाच्या नावावर लावावं आणि त्याचा मोबदला त्याला द्यावा. पुण्याच्या रेडिओ मंडळांनी १९५६ मध्ये हेच केलं होतं.

आज शासन निर्णयाच्या शेवटी सांकेतांक आणि डिजिटल सही असते. गावाशी संबंध असलेल्या प्रत्येक निर्णयाच्या नोंदीत आणखी एक रकाना असावा : हा निर्णय कुठल्या ग्रामसभेत, कुठल्या दिवशी, कुणी समजावून सांगितला आणि लोकांनी काय विचारलं. तो रकाना भरेपर्यंत नियम मोडल्याचा दंड त्या गावातल्या कुणाही माणसाकडून घेऊ नये.